टर्बो गाडी दमली: दुरुस्त करायची, ताकद वाढवायची की बदलायची?

गेल्या उन्हाळ्यात पुण्याहून परत येताना खंबाटकीच्या चढाला माझ्या गाडीनं एकदम मान टाकली. तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबलेला, इंजिनचा आवाज नेहमीचाच, पण ओढ नाही. मागचा मालट्रक हॉर्न देत पुढे निघून गेला. गाडी नऊ वर्षं जुनी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेली पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर चाललेली. साताऱ्यात आल्यावर पहिल्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाच मिनिटांत निकाल मिळाला. "दादा, टर्बो गेला. लाख-सव्वा लाख धरा. त्यापेक्षा काढून टाका गाडी." त्या रात्री मी जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत जागलो. तीन दिवसांनी दुसऱ्या मिस्त्रीनं इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाणाऱ्या वाटेत, धूर सोडून बघितलं. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकुलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपला क्लॅम्पच्या अगदी खाली बोटभर चीर गेली होती. टर्बो ठणठणीत होता.

एका पाइपापायी मी चांगली गाडी विकणार होतो. तेव्हापासून असा प्रश्न घेऊन कुणी आलं की मी एकच क्रम सांगतो: आधी मोजायचं, मग सांगाडा बघायचा, मग पैशाचा हिशोब आणि शेवटी हौस. आपल्यातले बहुतेक जण नेमके उलटे जातात. ओढ कमी वाटली की आधी रिमॅपची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून जोर वाढवण्याची, चौकशी होते.

साध्या गाडीपेक्षा इथं निर्णय अवघड असतो, त्याला कारण आहे. वॅगनआर थकली तर दुसरी वॅगनआर मिळते. पण आपल्याकडच्या जोरदार गाड्या थोड्याच आल्या आणि गेल्या. फियाटची १४५ पीएसची (म्हणजे तेवढ्या अश्वशक्तीची) अबार्थ पुंतो २०१५ मध्ये आली. आपल्याच रांजणगावच्या कारखान्यात ती बनायची, पण आज ती नवी मिळत नाही. १०५ पीएसची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली आणि पोलोचं भारतातलं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस, २३० पीएसवाली, पहिल्या खेपेला फक्त ५०० आल्या. बलेनो आरएस, टियागो जेटीपी या गाड्याही बंद झाल्या. म्हणजे 'बदलणं' याचा अर्थ तीच गाडी नवी घेणं असा होत नाही. वेगळ्या स्वभावाची गाडी घेणं असा होतो, आणि हे हिशोबाला बसण्याआधीच मनात स्पष्ट असावं.

पहिली पायरी: निदान होईपर्यंत काहीच ठरवू नका

गाडी बंद पडली असेल तर टोचन करून आणा. तेलाचा दिवा लागलेला असताना किंवा इंजिन तापलेलं असताना 'घरापर्यंत जाईल' म्हणून चालवू नका. अशा दहा किलोमीटरांत हजारांचं काम लाखांवर जातं.

मग स्कॅन. पण स्कॅनरवरचा कोड म्हणजे निदान नव्हे. पी०२९९ हा कोड एवढंच सांगतो की अपेक्षेपेक्षा बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला हवेचा दाब, कमी आहे. कारण फाटका पाइप असू शकतं, टर्बोचा दाब आवरणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा वेस्टगेट असू शकतात, आणि शेवटी टर्बोही. कोड दाखवून थेट पार्ट सांगणारा मिस्त्री अंदाज बांधतो आहे. त्याला विचारा, "हा पार्टच खराब आहे हे कशावरून तपासलंत?" चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही.

ओढ कमी झालेल्या टर्बो गाडीला आधी ही धुराची स्मोक टेस्ट करावी. काम अर्ध्या तासाचं, खर्च किरकोळ. टर्बोवरच संशय असेल तर पाइप काढून पंख्याची दांडी हातानं हलवून बघतात. आडवी थोडीशी हलली तर घाबरू नका. ती दांडी तेलाच्या थरावर तरंगते, तेवढी फट तिथं हवीच. पण आत-बाहेर सरकत असेल, किंवा पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा असतील, तर टर्बोचं काम निघालं. पाइपात तेलाचा पुसट थर सापडला म्हणून टर्बो गेला असं होत नाही.

त्यानंतर इंजिनचा जीव बघायचा. कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरात किती दाब तयार होतो ते मोजणं, सगळ्यांना माहीत असते. तिच्यात आकडा किती आला यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर पुढं तपासायला हवं. मला मात्र लीकडाउन टेस्टवर जास्त भरवसा आहे, आणि तुमच्या गॅरेजात तिचं गेज नसेल तर ज्याच्याकडे आहे तिथं जाण्याइतकी ती मोलाची आहे. सिलिंडरमध्ये दाबाखाली हवा सोडायची आणि किती टक्के गळते ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उत्तम. वीसच्या वर गेलं की कान लावायचा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. इंजिन न खोलता ते कुठं खोलायचं हे कळतं. हेडपुरतं काम वेगळं, आणि पिस्टन-रिंगांपर्यंत जाणं वेगळं. दोन्हींच्या खर्चात दुपटी-तिपटीचा फरक पडतो, आणि गाडी ठेवायची की नाही हे बऱ्याचदा याच एका उत्तरावर ठरतं.

तेल पिणाऱ्या गाडीबद्दल 'खूप पिते' असं बोलून चालणार नाही. सपाट जागी, गार इंजिनवर डिपस्टिकच्या खुणेपर्यंत तेल भरा, हजार किलोमीटर चालवा, पुन्हा त्या खुणेपर्यंत यायला किती मिलीलिटर लागलं ते लिहून ठेवा. काही कंपन्यांच्या पुस्तकात हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं. माझ्या मते निम्म्यावर आलं की लक्ष ठेवायला लागावं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.८ टीएसआयची मधली पिढी तेल पिण्यासाठी आणि टायमिंग चेन (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ जुळवणारी साखळी) ताणून धरणाऱ्या टेन्शनरसाठी जगभर ओळखली जाते. लॉरा किंवा त्या काळातली सुपर्ब असेल तर या दोन गोष्टी आधी तपासून मगच बाकीच्या खर्चाचं बोला. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू आली तर दाखवायला उशीर करू नका. चेन सुटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात.

डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण पेट्रोल थेट सिलिंडरात जातं आणि व्हॉल्व्ह धुतला जात नाही. आयडलला थरथर, सकाळी मिसफायर, पिकअप मंद. कित्येकदा लोक हेच इंजिन गेल्याचं लक्षण धरतात. बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालून बघा. अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून व्हॉल्व्ह साफ करणारे पुण्यात आहेत.

गिअरबॉक्सचं वेगळं तपासा. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीत (फोक्सवॅगन-स्कोडाचा आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स), म्हणजे डीक्यू२०० मध्ये, दोन वेगळे आजार असतात: क्लच झिजणं आणि गिअर बदलणारं मेकाट्रॉनिक युनिट बिघडणं. झटके दोन्हींत येतात, बिल मात्र फार वेगळं. कॉम्प्युटरवर क्लचची झीज दाखवणारे अडॅप्टेशनचे आकडे वाचल्याशिवाय 'गिअरबॉक्स बदला' हे ऐकून घेऊ नका. सहा गिअरच्या ओल्या क्लचवाल्या डीएसजीला ६०,००० किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलावा लागतो. आधीच्या मालकानं तो बदलला का, हे बिलावर दिसायला हवं.

दुसरी पायरी: सांगाडा

माझ्यासाठी सगळ्यात मोठा प्रश्न हाच. इंजिन बदलता येतं, टर्बो बदलता येतो, गिअरबॉक्स उतरवता येतो. पत्रा सडलेली किंवा मोठ्या अपघातात वाकलेली गाडी मात्र पैसे टाकून पहिल्यासारखी होत नाही.

गाडी लिफ्टवर घ्या. आपल्याकडे कास, ठोसेघर, महाबळेश्वर अशा फेऱ्या झालेल्या गाडीखाली जांभ्याची तांबडी माती ठासून बसते. दाराच्या उंबऱ्याखालची पाणी जाण्याची भोकं ती माती बुजवते, पाणी आत राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. उंबरे, जॅक लावायच्या जागा, पुढच्या शॉकअबची वरची कप्पी, मागच्या अॅक्सलचे बोल्ट आणि गालिच्याखालचा पत्रा बघा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. घट्ट आवाज आणि भुसभुशीत आवाज यातला फरक कुणालाही कळतो.

अपघाताचा इतिहास बघायला बॉनेटखालच्या दोन्ही लांब पट्ट्यांवरचं वेल्डिंग बघा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात, हातानं केलेलं वेल्डिंग ओळखू येतं. शिवाय अलाइनमेंटचा छापील कागद मागा. सगळं अॅडजस्ट करूनही एका बाजूचा कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या आसाचा कल) दुसऱ्या बाजूपेक्षा बराच वेगळा राहत असेल, तर काहीतरी वाकलेलं आहे. बुश आणि लोअर आर्म बदलूनही तो फरक गेला नाही तर मी त्या गाडीवर पुढं एक रुपया टाकणार नाही. ती विकताना मात्र घेणाऱ्याला हे सांगूनच विकावी. यवतेश्वरच्या वळणांवरून तोही आपल्या पोरांना घेऊन जाणार असतो.

तिसरी पायरी: तीन कागद

निदान झालं, सांगाडा ठीक निघाला, आता पैसे. एकाच इस्टिमेटमध्ये सगळं कोंबलं की डोकं चालत नाही. तीन कागद करा. पहिल्यावर आज करावंच लागणारं काम. दुसऱ्यावर पुढच्या वर्ष-दीड वर्षात येणारच असं: टायमिंग बेल्ट, क्लच, टायर, शॉकअब, बॅटरी. तिसऱ्यावर हौस. लोक पहिला कागद बघून 'दुरुस्ती स्वस्त' म्हणतात आणि दुसरा आला की फसल्यासारखं वाटतं. खरा आकडा पहिल्या दोन कागदांची बेरीज.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी समजायला सोपे घेतलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा गाडी आज बिघाडासह ३ लाखांना जाते. पहिला कागद १,४०,०००, दुसरा ६५,०००. म्हणजे गाडी ठेवली तर तिच्यात तुमचे ५,०५,००० अडकले: तीन लाख आजची किंमत, जी तुम्ही विकून घेतली नाही, आणि २,०५,००० खर्च. तीन वर्षांनी ती अडीच लाखांना गेली, तर तीन वर्षांचा तोटा २,५५,०००.

दुसरीकडे साडेसात लाखांची नवीन पिढीतली जुनी गाडी घेतली. नावावर करणं, विमा, पहिली मोठी सर्व्हिस असे ६०,००० धरा. अडकले ८,१०,०००. तीन वर्षांनी पाच लाख आले, तर तोटा ३,१०,०००.

फरक तीन वर्षांत ५५,००० चा. वर्षाला जेमतेम अठरा हजार. गाडी बदलली तर पुष्कळ वाचेल किंवा पुष्कळ जाईल असं जे वाटत असतं, तसं बहुतेक वेळा नसतं. कर्ज काढलं तर त्याचं व्याज या फरकात घाला, मग पारडं दुरुस्तीकडे झुकतं. उलट दुसऱ्या कागदावर तुम्हाला अजून न दिसलेलं मोठं काम दडलेलं असेल, तर ते बदलाकडे झुकतं. म्हणून तर निदानाला एवढा वेळ द्यायचा.

आणि आजवर गाडीत घातलेले पैसे यातल्या कुठल्याही कागदावर लिहू नका. 'दोन वर्षांपूर्वी साठ हजारांचं सस्पेंशन टाकलंय' हे खरं असेल, पण ते पैसे गेले. त्या सस्पेंशनची आज जी किंमत आहे ती गाडीच्या आजच्या किमतीत आलेली आहे.

पार्ट हातात आल्याशिवाय गाडी खोलू नका

बंद झालेल्या गाड्यांच्या मालकांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. इंजिन खोललं, हेड कोल्हापूरला गेलं, आणि मग कळलं की अमुक सेन्सर किंवा गॅस्केटचा संच दोन महिने येत नाही. गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खाते, उंदीर वायरिंग कुरतडतात, आणि मालक कंटाळून पडेल त्या भावात विकतो. अशा दोन गाड्या माझ्या डोळ्यांदेखत गेल्या.

म्हणून आधी पार्ट नंबर काढायचा आणि तो पार्ट मिळतो का, किती दिवसांत, ते पक्कं करायचं. पोलोवाले यात सुखी आहेत, व्हेंटो आणि रॅपिडशी बरेच पार्ट जुळतात. अबार्थच्या काचा, बॉडीचे पार्ट साध्या पुंतोतून मिळू शकतात, पण खास अबार्थचे पार्ट शोधावे लागतात. हौशी मालकांची ओळख ठेवणं इथं पैशाहून उपयोगी पडतं.

हात कुणाचे, हेही ठरवा. सर्व्हिस, ब्रेक, सस्पेंशन ही कामं साताऱ्यात चांगली होतात. डीएसजी आणि ट्यूनिंगला पुण्यात त्याच कामाचे लोक बघावेत. हेड फेसिंग, बोअर मारणं, क्रँक ग्राइंडिंग या मशीनच्या कामांना मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातो. तिथल्या लेथवाल्यांच्या पिढ्या इंजिनांवर गेल्यात. तापून हेड वाकलं असेल तर किती घासलं ते मापून लिहून घ्या. हेड पातळ झालं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि टर्बो इंजिनला ते मानवतंच असं नाही.

कुठंही काम द्या, इस्टिमेट कागदावर घ्या आणि काढलेले जुने पार्ट परत मागा.

चौथी पायरी: ताकद वाढवायची असेल तर खालून वर

आजारी गाडीवर अपग्रेड नको. घसरणाऱ्या क्लचवर रिमॅप केला तर महिनाभरात क्लच जळतो. कमजोर कॉइलवर बूस्ट वाढवला तर मिसफायर होतो, न जळालेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तोही जातो. पहिले दोन कागद निपटल्याशिवाय तिसरा हातात घेऊ नका.

निपटले की टायरपासून सुरुवात करा. टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही दिसो, रबर कडक झालेलं असतं. कायद्यानं नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण आपल्या पावसात मी तीनच्या खाली जाऊ देत नाही.

मग ब्रेक. जोर वाढवण्याच्या नादात हा विषय मागे पडतो, आणि घाटाच्या जिल्ह्यात राहून तो मागे पडू नये असं मला मनापासून वाटतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना २३० अंशांच्या खाली उकळत नाही, ओल शिरली की तीच हमी १५५ अंशांवर येते. पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवले की कॅलिपरमधलं तेल उकळतं, वाफ होते, पेडल स्पंजासारखं खाली जातं. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, एवढाच प्रकार. उपाय स्वस्त आहे: दर दोन वर्षांनी, जमल्यास पावसाळ्यानंतर, ब्रेक ऑइल बदला. जोरात चालवत असाल तर डॉट ५.१ घाला, त्याचे आकडे २६० आणि १८०. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते चुकूनही नको. चांगले पॅड घाला, आणि उतारावर गाडी गिअरवर उतरवा. मोठ्या डिस्क आणि कॅलिपरचा खर्च यानंतरच्या गोष्टी आहेत, बहुतेकांना त्या लागतच नाहीत.

तिसरं, बुश, इंजिन माउंट आणि शॉकअब. नऊ-दहा वर्षांच्या गाडीचे सगळे रबर बदलले की मालक म्हणतात, "गाडी नवी झाली." कित्येकदा वाढीव जोराची भूक तिथंच मिटते. स्प्रिंग कापून गाडी खाली करण्याचा विचार सोडा. स्प्रिंगचा ताण आणि शॉकअबचं मोजमाप जुळत नाही, आणि साताऱ्यातल्या गतिरोधकांवर पोटही घासतं.

शेवटी रिमॅप. टर्बो पेट्रोलला यात खरंच मोठा फरक पडतो, पण गिअरबॉक्सची मर्यादा माहीत असू द्या. डीक्यू२०० ला २५० न्यूटन मीटरपर्यंतचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, झेपतो असं धरलेलं आहे. पोलो जीटीचा मूळ टॉर्क १७५, म्हणजे तिथं माफक वाढीला जागा आहे. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसचा मूळ टॉर्कच ३५०, आणि तिच्या सहा गिअरच्या डीएसजीची मर्यादाही तेवढीच. तिथं पहिल्या रिमॅपलाच तुम्ही रेषा ओलांडता. क्लच दाबाचं सॉफ्टवेअर आणि वेळेआधी तेल बदलणं यांचा खर्च त्यात धरायलाच हवा.

मॅप कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय ते विचारा. १०० ऑक्टेनचा मॅप घेऊन रोज साध्या पंपावर भरायचं असेल तर इंजिन ठोकणार, नॉक होणार. तुमच्या नेहमीच्या पंपावर बारा महिने जे मिळतं त्यावरच मॅप करा. दुसरं म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेलं २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत. पेट्रोलचा वास येतोय का, पाइप फुगलेत का हे दर सर्व्हिसला बघा, आणि गाडी महिनोन्महिने टाकी भरून उभी ठेवू नका.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीनं दिलेल्या मूळ गोष्टींशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. इंजिन त्याच जातीचं बसवायचं असलं तरी आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर पोलिस काढून घेतात, आणि योग्यच करतात. गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, दवाखान्यातल्या माणसांना आपल्या हौसेचा त्रास होता कामा नये. चांगला मॅप शांत सायलेन्सरवरही ओढतो.

विमा कंपनीला बदल कळवा. न कळवलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरला दिसला तर क्लेम अडकतो.

आयडीव्हीकडे, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीकडे, बहुतेकांचं लक्ष नसतं, पण तो थेट आपल्या प्रश्नाला भिडतो. पाच वर्षांपर्यंत घसारा ठरलेल्या तक्त्यानं लागतो, पुढं मात्र आयडीव्ही तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून लोक आयडीव्ही खाली आणतात. पण दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. दोन लाखांचा आयडीव्ही लावलेली दुर्मिळ गाडी दीड लाखावरच्या दुरुस्तीच्या अपघातात हातची जाते, जरी ती सहज दुरुस्त होण्यासारखी असली तरी. बाजारभावाला धरून जास्तीत जास्त आयडीव्ही मागा. टायर, रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के घसारा कापला जातो, झिरो डेप (घसारा न कापणारं कव्हर) नसेल तर तेवढा वाटा खिशातून जाणार हेही लक्षात ठेवा.

पाचवी पायरी: बदलायचं ठरलं तर

विकण्याआधी दुसरी गाडी चालवून बघा, आणि नुसती शोरूमभोवती नको. स्लाव्हिया किंवा व्हर्टसचं १.५ टीएसआय १५० पीएस आणि २५० न्यूटन मीटर देतं, कागदावर ती अबार्थच्या पुढे आहे. पण पुंतोचं हायड्रॉलिक स्टिअरिंग हाताला जे सांगतं ते इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये सगळ्यांना सापडत नाही. उलट कुणाला एअरबॅग, शांत केबिन आणि निर्धास्त लांबचा प्रवास जास्त मोलाचा वाटेल. घरातल्या माणसांना बरोबर न्या. मागच्या सीटवर बसणारी व्यक्ती जे सांगते ते ऐका.

जुनी गाडी घेत असाल तर आपल्या भागात पुराची तपासणी सोडू नका. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुरानं सांगलीतल्या कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या, आणि साफसूफ होऊन फिरणाऱ्या गाड्याही असतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालचे वायरिंगचे जोड, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती, बंद काचेत अर्धा तास ठेवल्यावर येणारा कुबट वास बघा. एक जरी खूण पटली तरी किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. आजच्या गाडीत दहा-बारा कंट्रोल युनिट असतात आणि ती वर्षभरानं एकेक करून मरतात. तुमची स्वतःची गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावी फिरवू नका. सिलिंडरात पाणी असताना सुरू केली तर कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिन प्रोटेक्टचं कव्हर नसेल तर तो खर्च तुमचा.

दिल्ली-बंगळूरकडची गाडी स्वस्त दिसली तर त्यात एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि फेऱ्यांचा वेळ घाला, मग तुलना करा. मिळालेला एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, तुमचा असतो, गाडीचा नव्हे. जुनी गाडी विकताना त्याचं पत्र घ्या, ५० टक्क्यांपर्यंतची सूट पुढच्या गाडीच्या विम्याला लागते. आणि विकलेली गाडी घेणाऱ्याच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा, नुसत्या सह्या करून फॉर्म देऊन टाकू नका.

दुरुस्त केलीत तर पहिले हजार किलोमीटर

बिल भरलं म्हणजे काम संपलं असं नाही. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचनं पुन्हा आवळा. दर अडीचशे किलोमीटरला गार इंजिनवर तेल आणि कूलंट बघा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. रिंगा किंवा बोअरचं काम झालं असेल तर पहिलं तेल हजार किलोमीटरच्या आतच बदला आणि जुन्या फिल्टरची घडी उलगडून आत चमचमणारा कीस आहे का ते बघा. इंजिन एकाच वेगावर तासभर पळवत नेऊ नका, भार कमी-जास्त होऊ द्या.

माझी शेवटची चाचणी ठरलेली आहे. एप्रिलमधली दुपार, एसी चालू, घरची चार माणसं गाडीत. पुण्याकडून येताना सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यात थांबून स्कॅनर जोडायचा, मग खंबाटकी चढायची, कायद्याच्या वेगात पण पूर्ण भारावर. वर पोचल्यावर कूलंटचं तापमान बघायचं, वेळे येईपर्यंत ते खाली आलं का तेही बघायचं, आणि सुरूरच्या फाट्यावर बाजूला घेऊन कोड वाचायचे. गेल्या महिन्यात माझ्या गाडीत नव्या पाइपासह ही फेरी झाली. कोड एकही नव्हता, तापमान ९८ च्या वर गेलं नाही. टायमिंग बेल्ट दिवाळीत बदलायचा आहे, त्याचा संच आणून कपाटात ठेवला आहे.